पाण्यातून न काढलेले कपडे

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

आलो एकदाचे नाशकात. टेम्पो चांदवडहून सकाळी सातला निघाला आणि दहाच्या आत इंदिरानगरात आमच्या दारात. रस्ताभर दिशाने निदान वीस वेळा विचारलं, नव्या घराला गॅलरी आहे का. आहे. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि गॅलरीतून थेट पांडवलेण्यांचा डोंगर. मी आल्याआल्या आधी गॅलरी झाडली, मग दूध उतू घातलं. सासूबाई सोबत असत्या तर क्रम चुकला म्हणून दिवसभर ऐकावं लागलं असतं, पण त्या तिकडेच राहिल्या. मळा सोडून त्या कुठे हलत नाहीत.

ही डायरी दीपकना सातपूरच्या कंपनीत रुजू होताना मिळाली. वर्ष सरत आलं तरी कोरीच होती, म्हणून मी लाटली. वहीत नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागत नाही, हे एक बरं.

जिना चढताना हमाल धापा टाकत होता, मी नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. गेल्या दिवाळीला मी एकोणनव्वद किलो होते, ह्या दिवाळीला साठ. भात सोडला, साखर सोडली, रोज पहाटे रेणुकामातेच्या डोंगरापर्यंत चालत गेले आणि चालत आले. चांदवडात मला ‘टिपाड’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल एवढ्या बेताने. बारीक झाले तरी तिथल्यांना आठवायची ती टिपाडच. इथे तिला कोणी पाहिलेलं नाही. इथे आली ती साठ किलोची मैना, दिशाची आई. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

फक्त सामानात दोन मोठी बोचकी निघाली. माझे जुने कपडे. सासूबाईंनी गुपचूप टेम्पोत चढवलेली दिसतात.

मंगळवार, १० नोव्हेंबर

बोचकी सोडली आणि आख्खी दुपार गेली. साड्यांचा प्रश्न नाही. साडी बिचारी सगळ्यांना सांभाळून घेते. चुगली करतात ते ब्लाउज. चौतीस निघाले, त्यातल्या एकेकात आता मी आणि दिशा दोघी मावू. शिवाय सहा पंजाबी ड्रेस, चार गाऊन, परकर. तो राणी रंगाचा ड्रेसही निघाला, ज्याच्या डाव्या खांद्यावर मी इस्त्री ठेवून दारात पोस्टमनशी बोलत बसले होते. तिकोनी डाग अजून तसाच आहे. सगळ्या कपड्यांना माझा वास येत होता. म्हणजे तिचा.

ह्या कपड्यांचं काय करायचं यावर प्रत्येकाचं मत आहे. सासूबाई निघतानाच बोलल्या होत्या की गोधड्या शीव, नाहीतर कोणाला दे, पण देताना आधी पाण्यातून काढ. धुतलेले असले तरी. बादलीत चिमूटभर मीठ, त्यात कपडा बुडवायचा आणि प्रत्येकाची एक दशी ओढून आपल्याकडे ठेवायची. “माणूस लय दिस घालतं, त्याच्यात ऱ्हाऊन जातं. पानी दावलं की सुटतं,” असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात हे सगळे पाळतात. मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

दीपक म्हणाले, माळ्यावर टाकून दे, लागले पुन्हा तर असू दे. लागले पुन्हा तर! मी रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

समोरच्या लताबाई चांगल्या आहेत. एकट्याच असतात, फोन आहे, आणि सगळ्या बिल्डिंगची खबर असते. त्या म्हणाल्या, गुरुवारी रंगूबाई बोहारीण येते, जुन्या कपड्यांवर चांगली भांडी देते. हे मला पटलं.

दिशाने मात्र घोळ घातला. आकाशी गाऊन, कोयऱ्यांचा, पार विटलेला, तो तिने बोचक्यातून ओढला आणि पोटाशी धरून बसली. द्यायचा नाही म्हणे. मी म्हटलं, अगं, आई इथे आहे ना, चिंधी काय करायचीय? तर म्हणाली, “तू आता टोचतेस.” सात वर्षांची पोर, मनात काही ठेवून बोलत नाही, तरी मला लागलं. गाऊन राहू दिला.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

गेली बोचकी. रंगूबाई बाराच्या सुमारास आली, डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं. एकेक ब्लाउज झटकून उन्हात धरून पाहिला. मग विचारलं, “पान्यातून काढलेत ना ताई? लय जणी तशेच देत्यात, मंग तरास आमाला हुतो.”

म्हणजे हे चांदवडचंच खूळ नव्हे. पण नळ सकाळी आठलाच गेले होते, पिंपात चार बादल्या पाणी, ते का मी चिंध्यांवर ओतू? आणि रंगूबाई पुन्हा आठवडाभराने येणार. मला ती बोचकी आणखी एक दिवससुद्धा घरात नको होती. मी म्हटलं, हो, काढलेत. तिने पुन्हा विचारलं, सगळे? मी म्हटलं, सगळे.

मोठं जाड बुडाचं पातेलं आणि झाकणाचा पिठाचा डबा मिळाला. पातेलं झकास आहे. ती गाठोडं बांधत होती तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, जा बाई, सुटले तुझ्यापासून, पुन्हा येऊ नकोस. रंगूबाईला वाटलं तिलाच म्हटलं. हसली, म्हणाली मी तर येनारच.

बुधवार, १८ नोव्हेंबर

दिशाची शाळा सोमवारी सुरू झाली. चालत दहा मिनिटं. सकाळी मी सोडते, साडेबाराला आणते. कोपऱ्यावरच्या टेलरकडे चार नवे ब्लाउज टाकले. माप घेताना त्याने आकडा मोठ्याने सांगितला आणि मी पहिल्यांदा लाजले नाही.

मेडिकलच्या दुकानात वजनकाटा आहे. अठ्ठावन्न. भात तर मी दिवाळीपासून पुन्हा खातेय. म्हटलं नाशिकचं पाणी मानवलं. दिशा रोज त्या गाऊनवर गाल ठेवून झोपते. मी जवळ घेतलं की जरा वेळ राहते, मग सरकते.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

आज मेन रोडला चालले होते. मुंबई नाक्यावर बस थांबली आणि खिडकीतून माझा राणी ड्रेस दिसला. खांद्यावर इस्त्रीचा तिकोनी डाग, म्हणजे शंकाच नको. स्टॉपवर एक बाई उभी होती, नुसती हाडं. ड्रेस तिच्या अंगावर लोंबत होता, दोन बाया राहिल्या असत्या आत. मला बरंच वाटलं. कोणाच्या तरी उपयोगी पडला.

मग ती बाकावर बसली. बसताना दोन्ही हातांनी मागून कुर्ता खाली ओढून घेतला, कमरेखाली नीट झाकला जाईल असा. मी वीस वर्षं बसायच्या आधी हेच करत आले. अंगाने मोठी बाईच असं करते. तिला कशाला गरज पडावी? बस निघाली. तिने वर पाहिलं नाही, पण बस जाईपर्यंत मान माझ्या खिडकीबरोबर फिरवली.

मी चष्मा बदलायला हवा.

सोमवार, ३० नोव्हेंबर

पंचावन्न. नवे ब्लाउज आणले, घातले, ढगळ. टेलर ओशाळला, म्हणाला अशी चूक माझ्याकडून व्हायची नाही. पुन्हा माप घेतलं. चूक त्याची नव्हतीच. बारा दिवसांत मीच दीड इंच कमी झाले होते.

संध्याकाळी लताबाई म्हणाल्या की शाळेच्या रस्त्याला तुम्हाला हाक मारली, तुम्ही राणी ड्रेसमध्ये होता, वळला नाहीत. मी म्हटलं माझ्याकडे राणी ड्रेस नाही. त्या म्हणाल्या, मागून अगदी तुम्हीच. चाल तीच.

शुक्रवार, ४ डिसेंबर

बावन्न. डॉक्टरकडे जाऊन आले. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टर म्हणाले नवीन गाव आहे, मन लागेल हळूहळू, खात जा. मी खातेय. रोज तूपभात खातेय, केळी, शेंगदाण्याचे लाडू. वर्षभर ज्याकडे पाहिलं नाही ते सगळं. कुठे जातं कळत नाही.

ती पुन्हा दिसली. भाजीबाजारात, मेथीच्या ढिगापलीकडे. आज पिवळा ड्रेस होता, माझाच, गळ्याला मी घातलेली साखळी टाक्यांची वेल. तो तिला बसत होता. अगदी बेताचा, शिवून घेतल्यासारखा. दंड भरलेत, गालावर मांस आलंय. दहा दिवसांपूर्वी हाडं होती हो. मी तिच्याकडे गेले, तर गर्दीत कुठे गेली कळलं नाही. भाजीवाली मला म्हणाली, आत्ता तर तुम्ही मेथी घेऊन गेलात.

दीपकना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात हातात घेतला आणि म्हणाले चार दिवस चांदवडला जाऊन ये. त्यांना हातात फक्त मनगट लागलं असेल. चेहऱ्यावर दिसलं मला.

बुधवार, ९ डिसेंबर

गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात गेले होते. बोहारणी जुने कपडे रफू करून तिथेच विकतात असं लताबाईंनी सांगितलं. रंगूबाई सापडली, पुलाच्या अलीकडे, चादर पसरून बसलेली. मला पाहून तिने आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर पाणी दिलं प्यायला.

माझे कपडे कुठे गेले विचारलं. म्हणाली, एकाच बाईने सगळे नेले, पहिल्याच बुधवारी. घासाघीस केली नाही. रंगूबाई आपली गिऱ्हाइकाच्या भल्याचं बोलायला गेली की बाई, तुझ्या अंगाला हे लय मोठे व्हतील. तर ती म्हणाली, बसतील हळूहळू. एवढंच. कुठली, कोण, काही नाही. त्या दिवशी वाऱ्याने उडेल अशी होती. “आन् गेल्या बुधवारी पुन्यांदा आली, तवा मी म्हनलं त्या इंदिरानगरच्या ताईच आल्या. तुमीच, पर आंगानं भरलेल्या.”

मग रंगूबाईने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ताई, खरं सांगा, पाण्यातून काढले होते का?

मी नाही म्हटलं. तिने समोरचे कपडे बाजूला सारले. नंतर म्हणाली की तिला संशय असता तर तिनेच बुडवले असते, ती संशयाचा कपडा गंगेतून काढल्याशिवाय विकत नाही. मी सांगितलं म्हणून तिने विश्वास ठेवला. चार बादल्या पाणी वाचवलं मी. मला स्वतःची इतकी लाज वाटली की परत येताना रिक्षात तोंडाला पदर लावून बसले.

रविवार, १३ डिसेंबर

पन्नासच्या खाली आलेय. एकोणपन्नास.

दीपकनी फोन केला म्हणून सासूबाई सकाळच्या एसटीने आल्या. कांद्याची लागण चालू असताना आल्या, यावरून समजा. मला दारात पाहिलं आणि पिशवी खाली ठेवायची विसरल्या. मी सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तू त्या बाईचा लय राग केला, मैना. ती बी तूच व्हती ना. तिनं पोर काढली, तिनं माझं दुखणं काढलं.”

दोन वर्षांपूर्वी त्यांचं पायाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा मी त्यांना उचलून न्हाणीत नेत असे. एकोणनव्वद किलोची होते म्हणून उचलू शकले. हे मी साफ विसरले होते. रडू आलं.

त्यांच्या मते उपाय आहे. तिने घातलेल्या कपड्यांतला एकतरी आपल्याकडे असेल तर तो मिठाच्या पाण्यातून काढायचा, दशी ओढायची. एक सुटला की बाकीचेही सुटतात. माझा जीव भांड्यात पडला, कारण एक आहेच की! दिशाचा आकाशी गाऊन.

गाऊन मिळेना. गादीखाली नाही, दप्तरात नाही, कपाटात नाही. शेवटी दिशाला विचारलं, गाऊन कुठे ठेवलास. ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, तुलाच तर दिला.

कधी?

शुक्रवारी शाळेच्या गेटपाशी. तू न्यायला आली होतीस. तूच मागितलास.

शुक्रवारी मला चक्कर आली होती. मी दहा मिनिटं उशिरा पोचले तेव्हा दिशा गेटवर एकटीच हसत उभी होती.

गुरुवार, १७ डिसेंबर

सेहेचाळीस. सासूबाईंना लागणीसाठी परत जावं लागलं. येत्या रविवारी मला कायमचीच घेऊन जाईन म्हणाल्या. जाताना रोजच्या रोज लताबाईंच्या फोनवर फोन करायचं ठरवून गेल्या.

आज साडेबाराला शाळेत पोचले तर दिशा नव्हती. बाई म्हणाल्या तुम्ही आत्ताच नेलंत की. पळत घरी आले. म्हणजे पळायचा प्रयत्न केला. दार उघडं. दिशा जमिनीवर बसून शिरा खात होती, केळं घातलेला, मी करायची तसा. नव्या पातेल्यात केलेला. पातेलं गरम होतं.

दिशाच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. घट्ट, सरळ. मला अलीकडे हातात जोर नसतो म्हणून तिच्या वेण्या सैल राहतात.

मी विचारलं, कोणी केलं हे. ती हसली. तिला वाटलं मी खेळतेय.

रविवार, २० डिसेंबर

सासूबाई आल्या नाहीत. लताबाई म्हणतात, काल दुपारी त्यांच्याकडे सासूबाईंचा फोन आला आणि मी त्यांच्याशी पाच मिनिटं बोलले. बरी आहे, अंगावर येतेय, येऊ नका, लागण उरका, असं सांगितलं. लताबाई समोर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, बरं झालं हो, गेले पंधरा दिवस भीती वाटायची तुमच्याकडे पाहून. काल कशा छान दिसत होता.

काल दिवसभर मी अंथरुणात होते.

चांदवडला फोन लावा म्हटलं तर लताबाईंना माझा आवाज नीट ऐकू येईना. दोनदा “काय?” म्हणाल्या. मग दार लोटून घेतलं.

बुधवार, २३ डिसेंबर

एकेचाळीस, बहुतेक. काट्याचा बाण स्थिर राहत नाही.

दीपक पहिल्या पाळीहून चारला येतात. आज आले, माझ्याकडे पाठ करून चपला काढल्या आणि म्हणाले, दुपारचा डबा मस्त होता, स्वतः कंपनीच्या गेटपर्यंत आणून दिलास, एवढं कशाला. वळून मला पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. कोण आजारी नातेवाईक घरी आलंय असं पाहिलं माझ्याकडे. क्षणभर.

मी त्यांना हाताला धरून सांगितलं, ती मी नाही. त्यांनी ऐकलं का? ऐकलं असेल. ते दिशाचा गृहपाठ घ्यायला बसले.

शनिवार, २६ डिसेंबर

ती आता घरातच आहे.

सकाळी स्वयंपाकघरात. आकाशी गाऊन. काठोकाठ भरलेला. पाठमोरी, कणीक मळत होती. मी दाराला धरून उभी राहिले. मला वाटलं होतं मी किंचाळेन, अंगावर धावून जाईन — पण ती माझीच पाठ. मानेवरची वळी, उजव्या कोपराचा भाजल्याचा डाग. त्या पाठीचा मी वर्षानुवर्षं आरशात राग केला.

म्हटलं, जा. माझं घर आहे. पोर माझी आहे.

तिने हात धुतले, पुसले. मग म्हणाली, तू मला दारातून घालवलंस. मी काय केलं होतं?

 ती दुष्ट असती तर सोपं होतं.

सोमवार, २८ डिसेंबर

दुपारी दिशा तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपली. गाढ. तोंड उघडं टाकून, बाळ असताना झोपायची तशी. मी खुर्चीत बसून पाहिलं. आनंद झाला मला, खरंच झाला, आणि तोच सगळ्यात वाईट.

उठल्यावर पोरीने माझ्या खुर्चीवर दप्तर ठेवलं. मी खुर्चीत होते.

मंगळवार, २९ —

नव्या ब्लाउजात आता राहता येत नाही. खाली उतरतात. दिशाचा फ्रॉक घातला. गेल्या वाढदिवसाचा, हिरवा. बसला.

पेन जड आहे.

एकच विचार. तिचा एक कपडा पाण्यात — गाऊन ती काढत नाही. बाकीचे कुठे ठेवते? माळा पाहिला. नाहीत. सगळे अंगावर येऊन-जाऊन —

बुधवार

दोरीवर राणी ड्रेस! वाळत होता. धरला. बादलीपर्यंत नेला, मीठही टाकलं — बादली नळाखाली, नळ गेलेले. पिंप रिकामं. एक थेंब नाही —

ती आली, ड्रेस हातातून घेतला. ओढला नाही. हळू घेतला, मुलाच्या हातून काच घेतात तसा.

गुरुवार, ३१ डिसेंबर

शेवटचं पान. डायरी इथे संपते.

आज गुरुवार. रंगूबाई येणार.

सकाळी सातला ती उठली आणि पाण्याच्या वेळेत सगळी पिंपं भरली. बादल्या भरल्या. मग माझे नवे कपडे काढले. चार ब्लाउज. दोन ड्रेस. लहान मापाचे, माझे. मोजून मिठाच्या पाण्यात —

एकेकाची दशी ओढली. रुमालाच्या टोकाला बांधतेय. एकही विसरली नाही. तिला सासूबाईंचं सगळं पाठ आहे. मी फक्त मान हलवली होती, तिने ऐकलं होतं.

पहिला बुडवला तेव्हा पाय गेले. म्हणजे आहेत, पण —

दुसरा. तिसरा.

जिन्यात रंगूबाईची हाक, आज सकाळीच. ती दारात गेली. रंगूबाईने विचारलं, पान्यातून काढलेत ना ताई. ती म्हणाली हो, पण एक राहिलाय, थांबा जरा, आणते. खोटं बोलली नाही.

दिशा शाळेला निघाली. आई, म्हणून हाक मारली. मी ओ दिली. जोरात दिली, सगळा जीव लावून — ओ तिकडून, दारातून आली. दिशा पळत तिच्याकडे —

पोरगी हसतेय. स्वेटर घाल म्हणावं, बाहेर थंडी — तिने घातलाच —

अंगावर हा हिरवा फ्रॉक एकच. ती बादली घेऊन इकडे येतेय. ओले हात पुढे केलेत. म्हणतेय, दे. रागाने नाही. म्हणतेय, मैना, दे आता, पाणी गार नाही, मी कोमट